निराहारी वानरबाळ

सोलापुरात सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बागेत एक वानरबाळ उपास करत आहे, ही बातमी प्रभाला कळली ती सहावीच्या वर्गात. मधल्या सुट्टीत एक मुलगी डबा न उघडता बसली होती. का म्हणून विचारले तर म्हणाली, "आजीनं डबा दिला नाही. म्हणाली, मुकं जनावर आठ दिवस पाण्यावर आहे, तुला एक शनिवार जड जातो का?"

प्रभा करकंबकर मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. मुंबईहून बी.एस्सी. होऊन आलेली, हळू बोलणारी, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणारी. या शेवटच्या सवयीमुळे तिच्या ज्ञानाविषयी गावात बऱ्याच जणांना शंका होती. तरी बागेच्या प्राणिसंग्रह कमिटीत शास्त्र जाणणारे कोणीतरी असावे असा नियम होता, म्हणून तिचे नाव घातलेले होते. मताचा अधिकार नव्हता. सभेला खुर्ची मात्र मिळत असे.

शाळा सुटल्यावर ती बागेत गेली. मोरांचा पिंजरा ओस पडला होता आणि सगळी गर्दी पलीकडच्या लहान पिंजऱ्यापुढे होती. वर पाटी होती, 'वानरबाळ'. आत एका आडव्या फांदीवर करड्या लोकरीच्या गोळ्यासारखे काहीतरी बसले होते. डोके गुडघ्यांत, हातांनी फांदी धरलेली. कपाळावर शेंदूर. पुढ्यात चणे, गूळ, खोबऱ्याचे तुकडे आणि सोललेली केळी अशी रास, आणि त्या राशीवर माश्या. पलीकडच्या मारुतीच्या देवळातले वेणीमाधवशास्त्री लोकांना सांगत होते की, हा दिवसभर असा समाधीत असतो, अन्नाला शिवत नाही, आणि अंधार पडायच्या सुमारास डोळे उघडतो तेव्हा त्या डोळ्यांकडे बघवत नाही. बायका हात जोडत होत्या. सन चौतीस चालू होते. त्या वर्षांत उपास करणाऱ्याला साऱ्या देशात मान होता, आणि सोलापूरला आपला स्वतःचा एक उपास करणारा मिळाला होता.

प्रभा जाळीला नाक लावून पाहत राहिली. शेपूट नव्हते. गुडघ्यांतून डोकावणारे नाक कुत्र्यासारखे ओले. बोटांना माणसासारखी चपटी नखे, फक्त पायाच्या दुसऱ्या बोटाला एक टोकदार नखी. कॉलेजात स्पिरिटच्या बरणीत तिने हा प्राणी पाहिला होता, आणि बरणीतला याच्यापेक्षा अंगाने बरा होता. याला लोरिस म्हणतात. दूर समुद्रापलीकडच्या बेटावर जे लेमूर राहतात त्यांचा हा इकडचा भाऊबंद. दिवसा झोपतो, दिवेलागणीला उठतो, किडे खातो. बाळबीळ काही नव्हे, पुरता वाढलेला नर होता. समाधीत नव्हता, झोपलेला होता. आणि उपास करत नव्हता, उपाशी होता.

तो सोलापुरात आला कसा, तेही सांगितले पाहिजे. कानडी मुलखातून आलेला एक औषधविक्या सात रस्त्यावर पथारी मांडून बसला होता. या प्राण्याच्या डोळ्यांचे तो अंजन करणार होता, आणि त्याची सुरीही पथारीवरच होती. कमिटीचे अध्यक्ष यज्ञेश्वरपंत वकील टांग्यातून चालले होते. त्यांनी टांगा थांबवला, शिपायाला हाक मारली, औषधविक्याला हाकलले आणि प्राणी बागेत आणवला. हे काम त्यांनी चांगले केले. प्राण्याबरोबर एक टोपली आणि पंख तोडलेल्या रातकिड्यांचा एक डबा सापडला होता. कमिटीचे चिटणीस गंगाधरपंत यांनी नोंद केली, 'टोपली एक, ठेवली. डबा एक, घाण असलेला, फेकला.' सुरीखालून सुटलेल्या जिवाला उपाशी मारण्याचे काम अशा रीतीने पहिल्याच दिवशी रीतसर सुरू झाले.

प्रभाने शाळेचा तराजू आणून त्याचे वजन केले. आला त्या दिवशी गंगाधरपंतांनी बाजारातल्या काट्यावर केलेले वजन सतरा तोळे भरले होते. आता चौदा भरले. तिने सभा बोलावण्याची विनंती केली आणि रविवारी सकाळी सभा भरली.

यज्ञेश्वरपंतांचा उत्क्रांतीवर अभ्यास होता. वाचनालयात त्यांनी या विषयावर एकदा व्याख्यानही दिले होते. फळ्यावर एक शिडी काढली होती, सर्वांत खाली मासा, मग सरडा, मग वानर, आणि सर्वांत वरच्या पायरीवर एक मनुष्य, ज्याची पगडी त्यांच्या पगडीसारखीच होती. त्यामुळे प्रभाला फार समजावून सांगावे लागणार नाही असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले.

"याला शेपूट नाही," प्रभा म्हणाली.

"येईल की. बाळ आहे."

"बाळ नाही. दात पुरे आलेत. खालचे पुढचे दात फणीसारखे आहेत, त्यांनी हा केस विंचरतो. वानराला असे दात नसतात."

"मग गळलं असेल शेपूट," वकील म्हणाले. "माणसाचं गळलंच ना? तुमच्याच शास्त्रात आहे. हा प्राणी वर चढतोय, बाई. शेपूट गेलं, आता आहारही सुटत चाललाय. आपण साक्षीदार आहोत."

"वकीलसाहेब, ती शिडी नव्हे, झाड आहे. फार मागे कुठंतरी फांद्या फुटल्या. आपण एका फांदीवर, हा दुसऱ्या. हा आपल्या जागी यायला निघालेलाच नाही. त्याची जागा त्याला पुरेशी आहे."

गंगाधरपंतांनी लेखणी थांबवली. कचेरीत ते बावीस वर्षे एकाच जागेवर होते. "म्हणजे कितीही वर्षं काढली तरी बढती नाही?"

"नाही."

हे त्यांना फार लागले. त्यांनी ते वाक्य सभेच्या वृत्तांतात घेतले नाही.

आता वेणीमाधवशास्त्री बोलले; तेही कमिटीवर होते. शास्त्रीबुवा मूर्ख नव्हते, आणि तीच अडचण होती. "किडे खाणारा वानर पोथीत कुठं आलेला नाही," ते म्हणाले.

"मग पोथीप्रमाणेसुद्धा हा वानर नाही."

"आणि तुमचं पुस्तक काय म्हणतं?"

"तेच."

शास्त्रीबुवा हसले. "बरं. पोथी आणि पुस्तक एक झालं. आता मला एवढं सांगा, आठ दिवस ज्याला शेंदूर लावला, ज्याच्या पायी नारळ फोडले, त्याला उद्या झुरळ घालताना बाहेरच्या दोनशे बायकांना सांगायचं काय? तुम्ही सांगणार का मी?"

प्रभा म्हणाली, "हा मरेल."

"देह ठेवील," शास्त्रीबुवांनी सुधारले. समाधीला जागा कोणती द्यावी याचा त्यांनी विचारही केलेला दिसला, कारण बोलता बोलता त्यांची नजर खिडकीतून निंबाच्या पाराकडे गेली.

किडे घालण्याचा विषय अध्यक्षांनी अनुचित ठरवला. सभा चहा घेऊन संपली.

बागेचा राखणदार गुंडा सांगोल्याकडचा धनगर. त्याची बायको मायाक्का बाग झाडत असे आणि पिंजऱ्यांत पाणी ठेवत असे. गवतावर सकाळी नाकतोडे उडत असत, ते मूठभर पकडून आत सोडावेत, एवढेच प्रभाने तिला सांगितले. मायाक्काने खराटा खाली ठेवला.

"न्हाय बाई. ज्येला हात जोडलं त्येच्यापुढं किडं टाकू व्हय? माजी शेळी मरायला टेकली हुती, ह्येचा अंगारा लावला आन् उटून बसली की."

"शेळी आपोआप बरी झाली असेल."

"आसंल. आन् आपोआप परत पडली तर?" मायाक्का म्हणाली. "तुमी शिकल्याली मान्सं. तुमचं पाप पुस्तकात जिरतंय. आमचं शेळीवर येतंय."

प्रभा पिंजऱ्याशेजारच्या दगडावर बसून राहिली. दिवेलागणीची वेळ झाली. लोकरीचा गोळा हलला, त्यातून काड्यांसारखे चार लांब अवयव निघाले, आणि शेवटी दोन वाटोळे, चेहऱ्याला न झेपणारे डोळे उघडले. प्राण्याने आधी आपल्याच मूत्राने तळहात आणि तळपाय ओले करून चोळले. हे लोरिस नेमाने करतात. शास्त्रीबुवांनी याची संध्येपूर्वीचे हातपाय धुणे अशी नोंद केली होती. कशाने धुतो याची चौकशी कोणी केली नव्हती. मग तो फांदीवरून इतका हळू पुढे सरकला की, हात उचलला कधी आणि टेकला कधी ते कळू नये. केळ्याचा वास घेतला. तोंड फिरवले.

तेवढ्यात गुंडा कंदील घेऊन फेरीवर आला आणि मायाक्काशी बोलत पिंजऱ्यापाशी थांबला. कंदिलाभोवती श्रावणातली पाखरे जमली. त्यांतले एक जाळीतून आत गेले. प्राण्याचे दोन्ही हात एकदम सुटले, पाखरू मुठीत आले, आणि डोळे मिटून, नाक आक्रसून त्याने ते डोक्याकडून कुरकुर चावले. पोरसवदा माणसाने पहिला पापड खावा तसे. गुंडा आणि मायाक्का शेळीबद्दल बोलत होते, त्यांनी पाहिले नाही. प्रभाने पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिने कमिटीला दोन ओळींचे पत्र पाठवले. अशा व्रतस्थ जिवाजवळ दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत नंदादीप असणे उचित होईल. दिवा मोठा असावा, पिंजऱ्याच्या आत टांगावा, त्याभोवती काच घालू नये आणि जाळीची भोके थोडी मोठी करावीत, म्हणजे प्रकाश बाहेर पडेल.

इतक्या वर्षांत तिची कोणतीही सूचना एका दिवसात मंजूर झाली नव्हती. ही झाली. यज्ञेश्वरपंत म्हणाले की विज्ञानाची विद्यार्थिनी शेवटी मार्गावर आली. शास्त्रीबुवा फक्त तिच्याकडे नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त पाहत राहिले. तेल देवळातून आले.

प्रभा दर तीन दिवसांनी वजन करी. साडेचौदा. पंधरा. सोळा. अंगावरची लोकर दाट झाली, डोळ्यांतला चिकटा गेला. वहीत आकडा लिहिताना तिला जो आनंद होई तो तिने कोणाला सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी गावाला त्याची गरज नव्हती, कारण गावाचा आनंद फार मोठा होता. वानरबाळ काही न खाता जाडजूड होत होते. वायुभक्षण करत होते. मोडनिंबाहून, अक्कलकोटाहून गाड्या जोडून लोक येऊ लागले. आधी जे नुसते उपोषण होते ते प्रभाच्या दिव्याने चमत्काराच्या पदाला नेले.

आणि चमत्काराला दाखला लागतो. गंगाधरपंत शाळेत येऊन बसले. "आपली सही हवी. पदवीसकट," ते म्हणाले. "वकीलसाहेबांचं म्हणणं, शास्त्राचा शिक्का असला म्हणजे पुण्याचे लोकही गप्प बसतील."

नाही म्हणावे तर कारण सांगावे लागणार. कारण सांगावे तर दिवा जाणार आणि चार आठवड्यांत समाधी. प्रभाने अर्धा तास घेतला आणि लिहिले, 'कमिटीने ठेवलेल्या पदार्थांपैकी कशालाही या प्राण्याने तोंड लावल्याचे मी पाहिलेले नाही. त्याचे वजन चौदा तोळ्यांवरून अठरा तोळ्यांवर आले आहे.' प्रत्येक शब्द खरा होता. खोट्या चिठ्ठ्या आणणाऱ्या मुलींना ती वर्गाबाहेर उभे करत असे. त्या दिवशी तिने कोणालाही बाहेर काढले नाही. दाखला छापून बागेच्या फाटकावर लागला. सहीखाली बी.एस्सी. ही अक्षरे मजकुरापेक्षा मोठी होती.

पण तिला खरी काळजी पुढची होती. भाद्रपद निघाला की पाखरे कमी होणार. थंडी पडली की दिव्याभोवती काही येणार नाही. दिव्याची युक्ती दिवाळीपर्यंतची. त्यानंतर याला कोणीतरी हाताने, उघडपणे, रोज किडे घातले पाहिजेत, नाही तर सगळे मुसळ केरात. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी उपासाची सांगता होणार होती. शास्त्रीबुवा पायसाची वाटी पुढे करणार, आणि शास्त्राच्या वतीने प्रभाबाई दोन शब्द बोलणार, असे ठरले होते. तिने ठरवले की त्या दोन शब्दांत खरे ते सांगून टाकायचे. दाखल्याचे, दिव्याचे, सगळे. मग नोकरीचे काय व्हायचे ते होवो. एवढ्या लोकांत एखाद्याला तरी पटेल.

शनिवारी दिवेलागणीला बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडव घातला होता. पिंजरा चौरंगावर ठेवला होता आणि आत नंदादीप पेटला होता. यज्ञेश्वरपंतांचे भाषण झाले. शिडी आली, पगडीही आली. मग प्रभा उभी राहिली. "मी जो दाखला दिला," तिने सुरुवात केली, "त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितलेली नाही. हा प्राणी उपास करत नाही. तो रोज संध्याकाळी जेवतो." तिचा आवाज मुळात लहान, तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही. पुढच्या दोन रांगांनी तो ऐकला आणि रूपक समजून माना डोलावल्या.

तिने पुढचे वाक्य उच्चारायच्या आत मागची सगळी गर्दी एकदम गप्प झाली. ती तिच्यासाठी नव्हे. तिने वळून पाहिले.

बोटभर लांबीचा एक हिरवागार नाकतोडा दिव्याच्या खाली येऊन बसला होता आणि वानरबाळ त्याच्याकडे निघाले होते. एक हात पुढे. थांबला. दुसरा हात. पाचशे माणसे श्वास रोखून पाहत होती. मग झडप. नाकतोड्याचे मागचे पाय हवेत झाडले गेले, आणि कुरकुर असा आवाज मांडवात स्वच्छ ऐकू आला. डोके, मग छाती, मग उरलेले. एक पाय ओठांतून बाहेर लोंबत होता, तोही त्याने बोटाने आत ढकलला. मग त्याने बोटे एकेक करून चाटली आणि लोकांकडे पाहिले.

यज्ञेश्वरपंतांचा चेहरा, पक्षकाराने भर कोर्टात गुन्हा कबूल केल्यासारखा झाला. प्रभाने मनात म्हटले, झाले. आता पाटी उतरेल, दिवा विझेल, याला टोपलीत घालून गावाबाहेर टाकतील.

वेणीमाधवशास्त्री चौरंगापाशी उभे होते. त्यांनी पायसाची वाटी खाली ठेवली. क्षणभर डोळे मिटले. मग देवळात लागतो तसा, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज काढून ते म्हणाले, "पारणं फिटलं. त्या मुक्या जिवाचा आज उद्धार झाला. स्वतः चालत आला, आणि यानं त्याला पदरात घेतलं."

आधी एक म्हातारी 'जय' म्हणाली. मग सगळा मांडव म्हणाला. शास्त्रीबुवांनी गर्जना चालू असतानाच प्रभाकडे मान वळवली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असे विचारले, "रोज किती लागतात हो याला?"

"पंधरा-वीस," प्रभा म्हणाली. "जिवंत."

पुढच्या शनिवारी बायका द्रोण घेऊन आल्या. द्रोणात नाकतोडे, वरून पान झाकलेले, पानावर हळदकुंकू. काहींनी ते तुपात परतून आणले होते, एकीने वर साखर पेरली होती. म्हणून फाटकावर प्रभाच्या दाखल्याशेजारी दुसरी सूचना लागली, तीही तिच्याच हातची, 'नैवेद्य जिवंत आणावा. तळू नये.' सात रस्त्यावर हारवाल्यांच्या रांगेत नाकतोडे विकणाऱ्या दोन म्हाताऱ्या बसू लागल्या.

नाकतोडे धरायचे कोणी आणि वाहायचे कोणी, यावर कमिटीची एक लांबलचक सभा झाली. धरण्याचे काम मायाक्काकडे आले, वाहण्याचे शास्त्रीबुवांकडे. प्रत्यक्षात शास्त्रीबुवांना नाकतोड्याची शिसारी होती. ते चार हातांवरून पाणी शिंपडत, मंत्र म्हणत, आणि आत सोडायची ती मायाक्काच. पदराच्या ओच्यातून एकेक काढून ती फांदीवर ठेवी. "ह्यो म्या धरल्याला खातोय," ती प्रभाला म्हणाली, "आन् पुन्य त्येंच्या नावावर. आसूं द्या. माजी शेळी गाभण हाय."

वजन एकवीस तोळे झाले. यज्ञेश्वरपंतांनी वाचनालयात दुसरे व्याख्यान दिले. शिडीवर आता वानराच्या वर एक नवी पायरी आली होती. झाडाचा उल्लेख नव्हता.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि माळावर नाकतोडा मिळेना. झुरळे चालतील का, हा प्रश्न कमिटीपुढे आला. यज्ञेश्वरपंत म्हणाले, नाकतोडा हा निदान हिरवा आणि शाकाहारी तरी आहे. शास्त्रीबुवांनी विचाराला दोन दिवस मागून घेतले. गंगाधरपंतांनी झुरळ या शब्दाला वृत्तांतात घालण्याजोगा दुसरा शब्द शोधायला घेतला.

प्रभाने या वेळी दातांचा विषय काढला नाही. नखांचाही नाही. झाड, फांद्या, दूरच्या बेटावरचे भाऊबंद, यांतले काहीच तिने काढले नाही. झुरळ हे सोलापुरातल्या प्रत्येक देवघरात पूर्वीपासून राहत आले आहे आणि नैवेद्याला आधी तेच तोंड लावते, एवढे तिने तिच्या लहान आवाजात नमूद केले.

ठराव एकमताने मंजूर झाला. मताचा अधिकार नसल्यामुळे प्रभाचा हात मोजला गेला नाही.